जुन्या फोनांचा डबा

दिवाळीपूर्वीं घर झाडावयास काढलें म्हणजे वर्षभर दृष्टीआड असलेल्या वस्तु एकामागून एक ओसरीवर येऊन बसतात. यंदा आमच्या भोरच्या घरीं माजघरांतील मोठें फडताळ उपसतांना अगदीं मागल्या बाजूस बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सांपडला. उघडून पाहतों तों आंत सात जुने मोबाइल फोन, अकरा चार्जर, इयरफोनांच्या गुंतलेल्या तारा आणि तीन सुट्या बॅटऱ्या! सातांपैकीं एक फोन क्रोशानें विणलेल्या निळ्या बटव्यांत होता. मुलांस तो डबा खजिना वाटला, वहिनींस केर वाटला. धाकट्या पुतण्यानें "हें सगळें भंगारवाल्याला देऊन टाकूं," असा ठराव मांडला. आणि त्यावर चर्चा होण्यापूर्वींच डबा अंगणाच्या पायरीपर्यंत गेलाहि होता. मीं तो परत आणविला.

मी जुन्याचा अंध भक्त नाहीं. हल्लींच्या फोनावर आमची सूनबाई घरबसल्या विजेचें बिल भरते, परदेशीं असलेली पुतणी आपल्या तान्ह्या मुलाचें तोंड रोज आम्हांस दाखविते, आणि मी स्वतः रात्रीं त्यावर कीर्तन ऐकतों. या सोयींस नांवें ठेवील तो कृतघ्नच म्हणावयाचा. परंतु याच डब्यांतून २०२१ सालच्या पावसाळ्यांत मीं एक फोन बाहेर काढला होता, आणि तो काढतांना जी लाज वाटली ती अद्यापि गेलेली नाहीं. ती हकीकत सांगावयाची, तर आधीं त्या फोनांची थोडी ओळख करून द्यावयास हवी.

३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं जें बोलणें केलें, तें या देशांतील मोबाइल फोनावरील पहिलें संभाषण होय. त्या काळीं बोलण्यास मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडत. एवढेंच नव्हे, तर दुसऱ्यानें आपणांस फोन केला, तरी त्याचाहि आकार आपणच द्यावयाचा! असलें चैनीचें यंत्र भोरसारख्या गांवीं कोण घेणार? आमचा फोन म्हणजे बाजारपेठेंतील पिवळ्या पाटीचें एस्.टी.डी.चें दुकान, आणि रात्रीं दर उतरेपर्यंत तेथल्या बांकावर बसून राहणें. २००३ च्या मे महिन्यापासून ऐकणाऱ्यावरील आकार उठला, आणि मग मात्र मध्यम स्थितींतल्या घरांतूनहि या यंत्राचा विचार होऊं लागला.

आमच्या घरीं पहिला फोन २००४ सालीं आला. नोकिया कंपनीनें २००३ मध्यें काढलेला, ११०० या क्रमांकाचा. जगभरांत याचे पंचवीस कोटींहून अधिक नग खपले. तो मुळीं आपल्यासारख्या देशांसाठींच योजलेला होता: कळांच्या फटींतून धूळ आंत जाऊं नये म्हणून त्यांवर एकसंध रबरी आवरण, घामट हातांतून निसटूं नये म्हणून दोन्ही कडा खरखरीत, आणि डोक्यावर एक चिमुकला दिवा. एक कळ दाबून धरली कीं तो लागे. रात्रीं गोठ्याकडे जावयाचें, विंचवाकाट्याच्या वाटेनें चालावयाचें, किंवा वीज गेल्यावर काडेपेटी शोधावयाची, त्यासाठीं कंदील काढण्याचें कारण उरलें नाहीं. चित्रें काढण्याची सोय त्यांत नव्हती, रंग नव्हते. पण एकदां भरलेली बॅटरी तीन-चार दिवस सहज पुरे.

घरांत माणसें तेरा आणि फोन एक. रेंज काय ती माडीवरील पूर्वेच्या खिडकींत, म्हणून फोनाचें स्थान तेंच ठरलें. तो वाजला कीं खालून कोणी तरी "फोन, फोन" म्हणून ओरडे आणि जिन्यावर धांवपळ होई. आजीची अशी समजूत कीं, अंतर जितकें अधिक तितका आवाज मोठा लागतो; त्यामुळें पुण्याच्या आत्याशीं ती साधारण बोले, पण नागपूरच्या मामांशीं बोलूं लागली कीं आळीतील कुत्रीं भुंकूं लागत. खासगी असें कांहींच नसे. पण त्यामुळें कोणाची नोकरी लागली, कोणाचें अडलें, कोण आजारी, हें सर्व घरास एकाच वेळीं कळे आणि सर्व घर त्या चिंतेंत किंवा आनंदांत सामील होई. पैसे वांचविण्यासाठीं 'मिस्ड कॉल'ची एक सांकेतिक भाषा ठरली होती. एकदां वाजून थांबला म्हणजे एस्.टी. मिळाली, दोनदां म्हणजे सुखरूप पोहोंचलों, तीनदां म्हणजे काम आहे, तूं फोन कर. या भाषेचें व्याकरण घरांतील पांच वर्षांच्या मुलासहि अवगत होतें.

लेखी निरोपांची गंमत निराळीच. फोनावरील एका संदेशास जागा १४० बाइटांची, म्हणजे ११२० बिटांची. रोमन अक्षरास सात बिट पुरतात, म्हणून इंग्रजी संदेश १६० अक्षरांपर्यंत चाले. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास सोळा बिट लागतात, म्हणून मराठी संदेश ७० चिन्हांत संपे. आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी हींहि सुटीं मोजलीं जात! शिवाय बऱ्याच फोनांस देवनागरी दिसतच नसे. सबब शुद्धलेखनावरून मुलांचे कान पिळणाऱ्या आमच्या घराण्यानें आपली मातृभाषा निमूटपणें रोमन लिपींत लिहावयास घेतली. त्या लिपींत 'कढी' आणि 'कधीं' यांचें रूप एकच. वहिनींनीं एकदां दादांस कळविलें कीं, कढी केली आहे, लवकर या. दादांनीं तो प्रश्न समजून उलट विचारलें, "कधीं केली म्हणजे? काय केली?" कढी निवली, आणि वाद रात्रभर चालला.

आतां चार शब्द या मुलखाविषयीं. भोर आणि वेल्हे म्हणजे जुन्या बारा मावळांतील हिरडस मावळ, रोहिड खोरें, वेळवंड खोरें, गुंजण मावळ, कानद खोरें यांचा प्रदेश. (वेल्हे तालुक्याचें नांव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं मान्यता दिली, पण आमच्या तोंडीं अजून वेल्हेंच बसलें आहे.) एकेका खोऱ्यास एकेक नदी, आणि दोन खोऱ्यांमध्यें डोंगराची भिंत. ज्या डोंगरांनीं एके काळीं शत्रूस अडविलें, त्यांनींच फोनाच्या लहरीहि अडविल्या. या लहरी डोंगराच्या कडेनें किंचित् वळतात, पण त्याच्या पोटांतून पार होत नाहींत. त्यामुळें पायथ्याच्या वेल्ह्यांत मुका झालेला फोन १४०३ मीटर उंच तोरण्याच्या माथ्यावर नेला कीं एकदम कंठ फुटल्यासारखा बोलूं लागे. कारण तेथून दूरदूरचे मनोरे त्याच्या दृष्टिपथांत येत. तेथेंहि मर्यादा होतीच. मनोरा आणि फोन यांच्यामध्यें लहर जाऊन येण्यास जो वेळ लागतो, त्याची मोजदाद या पद्धतींत सुमारें ३५ किलोमीटरांपर्यंतच ठेवलेली आहे. आणि जेथें रेंज मुळींच नाहीं, तेथें फोन पुन्हां पुन्हां मनोरा शोधीत राहतो व त्या शोधांतच बॅटरी उतरते.

अशाच एका खोऱ्यांत, वेल्ह्याहून मढे घाटाच्या दिशेनें, केळदच्या अलीकडे आमचें मूळ घर आहे. आजोबा संस्थानच्या चाकरीनिमित्त भोरास आले. पुढें १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, आम्ही भोरकर होऊन गेलों; पण मूळचे देव आणि थोडी भातखाचरें तिकडेच राहिलीं. आमचे नानाकाका २०१२ सालीं वारले. तेव्हांपासून आमच्या चुलत्या माई आषाढापासून दिवाळीपर्यंत त्या घरीं राहतात. देवास दिवा लागावा आणि भाताकडे कोणाचें तरी लक्ष असावें, हें कारण त्या सांगतात. त्यांस एकटें राहूं द्यावें कीं नाहीं यावर दरवर्षीं घरांत चर्चा होते आणि दरवर्षीं माईच ती जिंकतात.

भोरच्या माडीवरील पहिला फोन, इतरांचे निराळे फोन आल्यावर, माईंकडे गेला. तिकडच्या घरीं रेंज येई ती फक्त पडवीच्या शेवटच्या खांबापाशीं; कारण तेथूनच समोरची खिंड नजरेस पडते. माईंनीं फोनासाठीं क्रोशानें एक लाल बटवा विणला, त्यास लांब बंद केला आणि तो खांबाच्या खुंटीस टांगून ठेवला. अंक त्यांस दिसत नसत, पण दिसण्याची गरजहि नव्हती. जुन्या फोनांत ५ च्या कळेवर एक बारीक उंचवटा असे. त्यावर अंगठा ठेवला कीं बाकीच्या कळा हातास आपोआप सांपडत. एक एक कळ दाबून धरली कीं ठराविक माणसास फोन लागेल, अशी योजना पुतण्यानें करून दिली होती. दोनाच्या कळेवर नानाकाकांचा क्रमांक, तिनावर भोरचें घर, चारावर पुण्याची लेक, पांचावर वेल्ह्याचे डॉक्टर. अंधारांत, पावसांत, पीठ लागलेल्या हातानें, माई तो फोन चालवीत.

फोनाच्या जोडीस जो परिवार येई, त्याचेंहि वर्णन केलें पाहिजे. पुरुषमंडळी कमरपट्ट्यास चामड्याचें घर अडकवीत आणि त्यांत फोन ठेवून पोलीस अधिकाऱ्याच्या थाटांत हिंडत. चार्जरांचा तर जातिभेद मोठा कडक! नोकियाचा आधीं जाड पिनेचा, पुढें बारीक पिनेचा. इतर कंपन्यांचे आणखी निराळे. लग्नघरीं पाहुणा उतरला कीं चहापूर्वीं त्याचा पहिला प्रश्न, "बारीक पिन आहे का हो?" ज्यास कोणाचाच चार्जर जुळेना, त्यासाठीं चिमट्याचा चार्जर असे. बॅटरी बाहेर काढून त्याच्या जबड्यांत धरावयाची, दोन सुया बॅटरीच्या टोकांस टेकवावयाच्या, आणि तांबडा-हिरवा दिवा लागतो का पाहावें. ज्या फोनांत रेडिओ असे, त्यांत इयरफोनाची तार लावल्याखेरीज गाणें येत नसे. पुष्कळांस ती कंपनीची लबाडी वाटे. वस्तुतः ती तारच रेडिओच्या लहरी पकडणारी असते.

बॅटऱ्यांत बी.एल.-५सी ही सर्वांत लोकप्रिय. या प्रकारच्या सुमारें ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, ज्या मात्सुशिता या जपानी कंपनीनें डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळांत केल्या होत्या, त्या चार्ज करतांना क्वचित् फार तापूं शकतील, अशी सूचना नोकियानें ऑगस्ट २००७ मध्यें प्रसिद्ध केली आणि त्या बदलून देण्याचें कबूल केलें. आमची बॅटरी त्यांतली नव्हती. तरी तात्यांनीं पुढें महिनाभर चार्ज होणारा फोन अंगणांत ठेवविला, आणि त्याच्या आसपास कोणी गेलें कीं दिवाळींतल्या फटाक्याजवळून हांकलावें तसें ते त्यास हांकलीत.

आतां मूळ हकीकतीकडे वळतों. २०२० सालीं साथीमुळें येणें-जाणें बंद झालें. माईंचें तोंड दिसावें, त्यांस आमचीं दिसावीं, म्हणून त्या दिवाळींत आम्हीं सर्वांनीं वर्गणी काढून त्यांस नवा, काचेच्या पडद्याचा फोन भेट दिला. हेतु चांगला होता, यांत शंका नाहीं. माई म्हणाल्या, "हा असूं द्या, पण माझा जुनाहि राहूं द्या." त्यावर मींच म्हटलें, "जुना हाताशीं राहिला तर तुम्ही नवा शिकणार नाहीं." दुकानांत त्यांचें सिमकार्ड कातरून नव्या फोनाच्या मापाचें केलें, आणि जुना फोन फडताळांतील डब्यांत टाकला. माई त्यावर कांहीं बोलल्या नाहींत. आमच्या घरांत वडीलधारीं माणसें गप्प बसलीं म्हणजे आम्हीं त्यास संमति समजतों, हा आमचा जुना दोष आहे.

२०२१ च्या जुलैंत आषाढी एकादशी झाली आणि पावसानें धरलें तें असें कीं, दोन दिवस उघडीप म्हणून नाहीं. गुरुवार ता. २२ रोजीं संध्याकाळीं मीं माईंस फोन लावला. पलीकडे वाजत होता. पुरता वाजून थांबला, कोणी उचलला नाहीं. पुन्हां लावला. पुन्हां तेंच. नऊ वाजेपर्यंत अकरा वेळां मीं प्रयत्न केला. त्यानंतर संपर्क होत नसल्याचा निरोप ऐकूं येऊं लागला. फोन वाजतो आणि माणूस उचलीत नाहीं, याचा अर्थ मन काय काय लावतें, हें ज्यांनीं अनुभवलें असेल त्यांस सांगावयास नको. माई पडल्या असतील. भिंत आली असेल. तापानें निजल्या असतील. दुसरे दिवशीं बातमी आली कीं, सह्याद्रीच्या पलीकडील उतारावर, महाड तालुक्यांतील तळिये गांवावर आदल्या संध्याकाळीं दरड कोसळली. तींत ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. वरंध घाट ठिकठिकाणीं खचला होता. त्या रात्रीं आमच्या घरीं कोणी जेवलें नाहीं.

शनिवारीं सकाळीं पुतण्या आणि मी नसरापूर, मार्गासनीवरून वेल्ह्यास पोहोंचलों. पुढें मोरीवरून पाणी होतें. तेथेंच आमच्या गांवचा एक गृहस्थ भेटला. मला पाहतांच तो म्हणाला, "माई बऱ्या हायेत. काल आमची समदी तुमच्याच वाड्यांत जेवली." मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलों आणि माझ्यानें बराच वेळ उठवेना. दुसरे दिवशीं पाणी ओसरल्यावर घरीं गेलों. माई पडवींत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मीं विचारलें, "माई, गुरुवारीं फोन कां नाहीं उचललात?"

त्या म्हणाल्या, "अरे, ऐकत होतें मी. अकरा वेळां वाजला, मोजलं मी. हात ओले होते. पदराला पुसले, पुन्हां लावून पाहिलं; बोटच लागेना त्याला. तो वाजत राहिला आणि मी नुसती बघत राहिलें. माझं काय, मी इथं धड होतें; पण तुला तिकडे काय वाटत असेल, ह्याच विचारानं झोंप नाहीं लागली."

हा त्यांचा अडाणीपणा नव्हे. काचेचा पडदा बोटाच्या दाबानें चालत नाहीं. बोट टेकलें कीं तेथील विजेचा भार सूक्ष्म प्रमाणांत बदलतो, आणि तो बदल पडद्यास कळतो. काचेवर पाणी असलें कीं थेंब आणि बोट यांतील फरक त्यास कळत नाहीं. आणि जन्मभर कामानें घट्टे पडलेल्या कोरड्या बोटाची जाणीवहि त्यास कमीच होते. जें यंत्र ओला हात ओळखीत नाहीं, तें आम्हीं आषाढांत, मावळांत, भाताच्या खाचरांत वावरणाऱ्या बाईच्या हातीं दिलें होतें. खरें तेंहि सांगतों: जुना फोन असता म्हणून वीज गेली नसती किंवा मनोरा बंद पडला नसता, असें मुळींच नाहीं. नंतरचे दोन दिवस तोहि मुकाच राहिला असता. परंतु गुरुवारची पहिली घंटा माईंनीं अंधारांत, ओल्या अंगठ्यानें उचलली असती, "मी बरी आहें" एवढे तीन शब्द आम्हांस मिळाले असते, आणि तीन दिवस दोन्ही घरांनीं जें भोगलें तें भोगावें लागलें नसतें.

भोरास परतल्यावर मीं पहिलें काम केलें तें डबा काढण्याचें. जुन्या फोनांत पुढें कधीं तरी बसविलेली दुसरीच कसली तरी निनांवी बॅटरी होती. ती फुगून पाठीमागचें झांकण लागेनासें झालें होतें. बाजारपेठेंतील एका दुरुस्तीवाल्याकडे गेलों. मला वाटलें, हा हंसेल. पण त्यानें खणांतून चांगलीशी बी.एल.-५सी काढून समोर ठेवली. ही बॅटरी अजून सहज मिळते, कारण कित्येक छोटे रेडिओ आणि गाणीं वाजविण्याच्या पेट्या तिच्यावरच चालतात. कातरलेलें सिमकार्ड मोठ्या खांचेंत बसावें म्हणून त्यानें प्लॅस्टिकची एक इवलीशी चौकट दिली. चार्जर डब्यांतलाच निघाला, जाड पिनेचा. फोन लागला. पडद्यावर दोन हात एकमेकांकडे सरकतांना दिसले आणि त्यानें आम्हांस वेळ विचारली. नांवें, क्रमांक सारें जेथल्या तेथें होतें. असल्या फोनाच्या स्मरणास विजेची गरज लागत नाहीं.

माईंच्या हातीं तो फोन दिला तेव्हां पुतण्या म्हणाला, "माईआजी, दोनावर नानाआजोबांचा नंबर आहे. तो तर केव्हांच बंद झाला. भोरचं घर दोनावर आणूं का? सोपं पडेल." माई म्हणाल्या, "दोनाला हात लावूं नको. मला तीनच पाठ आहे." त्यानें मान हालवून फोन त्यांस परत दिला. मी त्या खांबाकडे पाहत उभा राहिलों. नवा शिकविण्याच्या भरांत आम्हीं त्यांच्याकडून नुसतें यंत्र काढून घेतलें नव्हतें, हें मला तेव्हां उमगलें.

तेव्हांपासून व्यवस्था अशी आहे: नवा फोन भोरास असतो, माई येथें असल्या म्हणजे त्यावर नातवंडें पाहतात, आणि आतां तो चांगला चालवितातहि. गांवीं जातांना जुना घेऊन जातात. हा फोन दुसऱ्या पिढीच्या सेवेवर चालतो. २०१६ सालीं सुरू झालेलें जिओचें जाळें मुळांतच चौथ्या पिढीचें आहे. त्यावर तो बोलूं शकत नाहीं. म्हणून जी कंपनी जुनी सेवा अद्याप चालविते, तिचेंच सिम त्यांत ठेवावें लागतें. ती सेवाहि एक दिवस उठेल. पण कळांचे, दिवा असलेले आणि चौथ्या पिढीवर चालणारे साधे फोन बाजारांत मिळतात. तशांपैकीं एक आम्हीं आणून ठेवला आहे, आणि तो माईंच्या हातास आतांपासूनच सवयीचा करीत आहों. जुना न हिरावतां.

यंदाच्या डब्याचा निकालहि याच धोरणानें लावला. सातांपैकीं दोन फोन सिमकार्डाविना चालणाऱ्या सी.डी.एम्.ए. पद्धतीचे निघाले. त्या सेवा आपल्याकडे केव्हांच बंद झाल्या. फोन धडधाकट, पण त्यांच्याशीं बोलणारें जगांत कोणी उरलें नाहीं. ते आणि फुगलेल्या बॅटऱ्या निराळ्या काढल्या. येथें गृहिणींस एक सूचना. असली बॅटरी केरांत, उकिरड्यांत, आणि विशेषतः पाणी तापविण्याच्या बंबांत कदापि टाकूं नये. ती टोंचूं नये, दाबून सपाट करण्याच्या खटपटींत पडूं नये. लिथियमची बॅटरी पेटली तर सहज विझत नाहीं. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या नियमांनीं जुन्या विद्युत् उपकरणांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी तीं करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. तेव्हां अशा वस्तु अधिकृत संकलन केंद्रांतच द्याव्या. जो फोन ठेवावयाचा, त्याची बॅटरी अर्धी भरून, बाहेर काढून, कोरड्या जागीं ठेवावी. पूर्ण उतरवून मग भरण्याची रीत निकेलच्या बॅटऱ्यांची होती. लिथियमच्या बॅटरीस ती अपायकारक आहे. चार्जरास कापडाची चिठ्ठी बांधून त्यावर फोनाचें नांव लिहावें. युरोपांत २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांस एकाच प्रकारचें तोंड सक्तीचें झालें आहे, आणि आपल्याकडील नवे फोनहि बहुतेक तसेच येतात. सबब पुढच्या पिढीस हा चिठ्ठ्यांचा उद्योग बहुधा करावा लागणार नाहीं.

मात्र कोणताहि फोन बाहेर काढण्यापूर्वीं ज्याचा तो असेल त्यास विचारावें, हा सर्वांत मुख्य नियम. नवें यंत्र घरांत आणतांना आपण किंमत पाहतों, सोयी पाहतों. ज्या हातानें तें चालावयाचें, तो हात मात्र पाहत नाहीं. म्हाताऱ्या माणसाचा हात एखाद्या वस्तूस सरावतो, त्यामागें वर्षांचा अभ्यास असतो. तो आपण हट्ट म्हणून मोडून काढतों, आणि मग त्यांस नवें जमत नाहीं म्हणून त्यांच्या बुद्धीस बोल लावतों.

राहिला तो निळ्या बटव्यांतला फोन. तो नानाकाकांचा. पुतण्यानें तो हातांत घेतला, माझ्याकडे पाहिलें, आणि यावेळीं कोणी न सांगतां त्यानें गांवीं माईंस फोन लावला. दुसऱ्याच घंटेस त्यांनीं उचलला. मागें भाताची मळणी चालल्याचा आवाज येत होता. पुतण्यानें सर्व सांगून विचारलें, "काय करूं, माईआजी?"

माई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "फोन द्या टाकून. त्याची बॅटरी कधींच गेली. बटवा तेवढा ठेवा, मी आलें कीं घेईन."